दोन शब्दांचा पत्ता

सकाळी इनक्युबेटर उघडला की आधी वास येतो, उबट आणि आंबूस. मग नळ्या दिसतात. २०१८ च्या जूनमधल्या त्या सकाळी टीएसआय या वाढमाध्यमाच्या एका नळीत वर लाल, खाली पिवळं आणि दोहोंच्या सांध्यावर एक बारीक काळी रेघ होती, कोवळ्या मिसरुडासारखी. लॅबमध्ये आम्ही तिला मिशीच म्हणतो. नळीत वायूचा बुडबुडा नाही आणि मिशी आहे, म्हटलं की मन आधी टायफॉइडकडे धावतं. अँटिसीरमच्या थेंबात जंतू लगेच गोळा झाले. साल्मोनेला टायफी. मुदतीचा ताप.

यात नवल काही नव्हतं. नवल होतं शेजारच्या प्लेटवर. अगारवर जंतूंची पातळ साय पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या, रात्रभर उबेत ठेवायचं आणि सकाळी प्रत्येक चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मोजायचं. सेफ्ट्रायॅक्सोनचं वर्तुळ तेवीस मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर औषध चालतं. एकोणीस किंवा कमी भरलं तर जंतू त्याला दाद देत नाही. टायफॉइडच्या प्लेटवर हे वर्तुळ असं ऐसपैस येतं की पट्टी केवळ रिवाज म्हणून लावायची. त्या दिवशी पट्टी लावली तर अकरा.

चकती जुनी असेल म्हणून नवी कुपी उघडली. रोजचा प्रमाण जंतू सोबत लावला. त्याचं वर्तुळ चोख आलं, या जंतूचं पुन्हा अकरा. तिसऱ्या दिवशीही अकराच. तेव्हा मी फॉर्म हातात घेतला. वय ९, स्त्री, ताप आठ दिवस. पत्त्याच्या रकान्यात दोन शब्द होते : नालासोपारा पू. खाली छापील अक्षरांत, जि. ठाणे. पालघर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती, पण जुन्या फॉर्मांचा गठ्ठा संपायचा होता.

नालासोपारा पूर्व म्हणजे काय, हे विरार लोकलच्या दारात लटकलेल्याला सांगायला नको. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती बारा लाखांच्या वर होती आणि त्यानंतरही इमारती काही थांबल्या नाहीत. त्यातल्या पूर्वेच्या चाळी, पागड्या, अकरा महिन्यांचे करार, बैठे गाळे, या सगळ्याला मिळून दोन शब्द. आजाराच्या वाटेनं मागे जायचं म्हटलं तर त्या दोन शब्दांवरून मी कुठपर्यंत जाणार होते?

मुलीच्या डॉक्टरांना फोन केला. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, इंजेक्शनं चालू करून पाच दिवस झाले. ताप उतरत नाही म्हणूनच तर मी विचारात होतो." अझिथ्रोमायसिनचं वर्तुळ चांगलं आलं होतं. औषध बदललं आणि मुलगी आठवड्याभरात बरी झाली. माझ्या कामात रुग्णाचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे "बरी झाली" हे दोन शब्द मी जपून ठेवते.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. ही प्लेट दिसली, कारण या एका डॉक्टरांनी ब्लड कल्चर सांगितलं होतं. आमच्याकडे तापाच्या दिवसांत येणाऱ्या चिठ्ठ्यांवर विडालच लिहिलेली असते. १८९६ सालची ही चाचणी स्वस्त आहे आणि संध्याकाळपर्यंत हातात मिळते. पण ती रक्तातली प्रतिद्रव्यं पाहते, जंतू हाती देत नाही; आणि जंतूच हाती नसेल तर कुठलं औषध चालेल ते कोणाला विचारणार? कल्चरला पैसे जास्त, दिवस जास्त, शिवाय रक्तही जास्त. एवढं करून, खराखुरा टायफॉइड असलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण साठांच्याच बाटलीत जंतू उगवतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर तेही नाही. नाक्यावर रोजगार शोधणाऱ्या बापाला मी कोणत्या तोंडानं सांगू, की पैसे भरा, पाच दिवस थांबा, कदाचित काही उगवणार नाही?

वसईत येण्याआधी मी चौदा वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये होते. तिथे कल्चरचे ढीग असत आणि वेगळा वाटलेला प्रत्येक जंतू उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जाई. तिथेच मी जनुकांची भाषा थोडीफार शिकले. टायफीचं जनुकभांडार म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस लाख अक्षरांचा एक ग्रंथ. व्हिएतनाममधल्या एका रुग्णाकडून मिळालेल्या सीटी-१८ या जंतूचा असा संपूर्ण ग्रंथ २००१ मध्ये पहिल्यांदा वाचून झाला. आता तेच काम काही दिवसांत होतं. दोन जंतूंचे ग्रंथ शेजारी ठेवायचे आणि कुठे अक्षर बदललं ते पाहायचं. फरक दोन-चार अक्षरांचा असेल तर दोघे भावकीतले. शेकड्यांत असेल तर त्यांचं मूळ गाव वेगळं. आपल्या मुलखात जास्त करून सापडणाऱ्या घराण्याला ४.३.१ असा क्रमांक आहे. जुने लोक त्याला एच-५८ म्हणतात.

हे झालं वंशपरंपरेनं आलेलं. जंतूंमध्ये दुसराही एक व्यवहार चालतो आणि मला तो नेहमी विरजणासारखा वाटतो. चाळीत शेजारीण वाटी घेऊन येते, आपण चमचाभर दही देतो. देणाऱ्याचं दही कमी होत नाही आणि घेणाऱ्याचं दूध सकाळी लागलेलं असतं. प्लास्मिड नावाचा डीएनएचा छोटासा वेढा जंतू असाच एकमेकांना देतात. त्यात एखादं औषध निकामी करणारं जनुक असलं की घेणाराही रातोरात त्या औषधाला भीक घालेनासा होतो. आणि ही चाळ म्हणजे आपलं आतडं. तिथे ई. कोलाय मुक्कामाला असतो, एरवी निरुपद्रवी. आपण सर्दीखोकल्याला घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकनं त्याच्यातले नरम मरतात, निबर उरतात. पाहुणा म्हणून टायफी आला की विरजण तयारच असतं.

सिंधमधल्या हैदराबादेत नेमकं हेच झालं. २०१६ च्या नोव्हेंबरपासून तिथे सेफ्ट्रायॅक्सोनला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली. जंतूंचे ग्रंथ वाचले तर घराणं तेच जुनं, एच-५८. पण त्याच्याजवळ एक नवं प्लास्मिड होतं आणि तसंच प्लास्मिड आधी ई. कोलायमध्ये पाहिलेलं होतं. मला त्याहून मोलाचं वाटलं ते दुसरं काम. साथीचा माग घेणाऱ्यांनी रुग्णांची घरं नकाशावर मांडली, तेव्हा लतिफाबाद आणि कासिमाबाद या दोन भागांत ठिपक्यांची गर्दी दिसली. पाणी कुठे नासतंय हे तिथे जाऊन पाहता आलं, कारण त्यांच्याजवळ घरांचे पत्ते होते. जनुकांनी कोण ते सांगितलं, पत्त्यांनी कुठे ते सांगितलं. एकाशिवाय दुसरं अर्धंच राहिलं असतं.

माझ्या लॅबमध्ये उणे ऐंशीचा फ्रीजर नव्हता. घरगुती फ्रिज होता. वरच्या कप्प्यात बर्फाचे ट्रे आणि त्यांच्या मागे, एका चपट्या डब्यात, टिचकीच्या झाकणाच्या कुप्यांमध्ये मी जपलेले जंतू. त्या नऊ वर्षांच्या मुलीचा जंतूही मी तिथेच ठेवला. कागदी चिकटपट्टीवर जेल पेनानं लिहिलं : टायफी, सेफ्ट्रायॅक्सोन आर, नालासोपारा पू. मुंबईतल्या माझ्या जुन्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "दोन प्रती कर, एक मला पाठव. ग्रंथ वाचायची सोय करतो." म्हटलं, पुढच्या आठवड्यात मी स्वतःच घेऊन येते.

पुढचा आठवडा म्हणजे जुलैचा दुसरा आठवडा. त्या पावसाबद्दल वसईकराला सांगायला नको. मिठागरातली माणसं अडकली, नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, विरारची गाडी बंद पडली. आमची लॅब तळमजल्यावर. मी पोहोचले तेव्हा पाणी ओसरलं होतं, पण भिंतीवर मांडीएवढ्या उंचीला त्याची खूण होती. फ्रिज आडवा पडला होता. वीज तिसऱ्या दिवशी आली. कुप्यांचा डबा एका कोपऱ्यात गाळात सापडला. बरीच झाकणं उघडलेली, चिकटपट्ट्या कुजलेल्या, आणि शाई? निळसर डाग तेवढे.

तरी मी वेडी आशा केली. सगळ्या कुप्या एकेक करून प्लेटवर ओढल्या. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की अगारवर गुलाबी, पांढऱ्या, शेंबडासारख्या वसाहतींचा नुसता बाजार भरला होता. गटाराचं पाणी कुप्यांत शिरलं होतं. साऱ्या गल्लीची आतडी त्या प्लेटवर उगवली होती. त्यात माझा टायफी असेलही किंवा नसेलही. असता तरी तो कोणाच्या रक्तातून आला हे कोण शपथेवर सांगणार? सगळं ऑटोक्लेव्हमध्ये घातलं. शिट्टी होईपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसून होते.

त्याच जुलैमध्ये खाडीपलीकडे नवी मुंबई महापालिकेनं लहान मुलांना टायफॉइडची नवी लस द्यायला सुरुवात केली. नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतची एक लाख तेरा हजारांवर मुलं. सरकारी यंत्रणेनं ही लस अशी देण्याची ती जगातली पहिली वेळ. बातमी वाचून मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. लस कुठे आधी द्यायची हे ठरवायला आजार कुठे आहे ते ठाऊक लागतं. आमच्या भागातल्या आजाराचा पुरावा मी नुकताच वाफेवर शिजवला होता.

सरांना कळवलं. ते रागावले नाहीत. त्यांनी एका निवृत्त तंत्रज्ञ काकांचा नंबर दिला. काका फोनवर हसले. "अगं, टायफीला फ्रीजर कशाला? तो चिवट. छोट्या नळीत साधं न्यूट्रिएंट अगार घट्ट बसव, सुईनं मधोमध टोच, एक रात्र उगवू दे. बूच लावून वर मेण ओत आणि अंधाऱ्या कपाटात ठेव. वर्षानुवर्षं जगतो. आमच्या वेळी वीज होती कुठे धड?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि नाव पेन्सिलीनं लिही. शिसं पाण्यात विरघळत नाही."

चौदा वर्षं मी ज्या यंत्रांच्या सावलीत काम केलं, त्यांतलं एकही इथे उपयोगी पडलं नसतं. पेन्सिल पडली असती.

त्या दिवाळीआधी दुसरी मिशी दिसली. अकरा वर्षांचा मुलगा. पुन्हा नालासोपारा पू. याच्या प्लेटवर सेफ्ट्रायॅक्सोनचं वर्तुळ मोठं होतं, सिप्रोफ्लॉक्सासिनचं नव्हतंच. मेणानं बंद केलेली नळी घेऊन मी स्वतः चर्चगेटची गाडी पकडली. काही महिन्यांनी उत्तर आलं : घराणं ४.३.१, त्यातली दुसरी शाखा. भारतात सर्रास भेटणारी. सिप्रोला निकामी करणारे बदल त्याच्या मूळ ग्रंथातच आहेत, प्लास्मिड नाही.

सरांनी विचारलं, "त्या मुलीच्या जंतूशी ताडून पाहता आलं असतं तर?" तोच तर प्रश्न होता. या वस्तीतल्याच घराण्यानं कुठून तरी विरजण घेतलं होतं, की ते परकं घराणं दुसरीकडून आलं होतं? पहिलं असेल तर उद्या दुसरं घर, परवा तिसरं. दुसरं असेल तर एखादा पाहुणा जंतू, येऊन गेलेला. दोन्हींचा अर्थ वेगळा, उपाय वेगळा. ताडून पाहायला दोन लागतात आणि माझ्याजवळ एकच होता.

पुढे २०२२ मध्ये क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस या नियतकालिकात एक छोटा लेख वाचला आणि अंगावर काटा आला. तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांना, म्हणजे सेफ्ट्रायॅक्सोनच्याच कुळाला, दाद न देणारा टायफी मुंबईत टिकून फिरतो आहे. घराणं ४.३.१, दुसरी शाखा; आणि त्याच्याजवळ आयएनसीएक्स-३ नावाचं प्लास्मिड, त्यावर एसएचव्ही-१२ हे जनुक. कोलंबिया, नायजेरिया, फिलिपिन्स आणि भारत अशा चार देशांच्या जाळ्यात हे काम झालं. आपल्याकडून बंगळुरूच्या केम्पेगौडा इन्स्टिट्यूटची प्रयोगशाळा त्यात होती. म्हणजे विरजण मुंबईत होतंच. त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या जंतूत तेच होतं का, हे आता कधीच कळायचं नाही. मुंबईच्या मोठ्या फ्रीजरांत जे जपलं गेलं ते नकाशावर आलं. विरारची लोकल रोज जेवढी माणसं तिकडून इकडे आणते, त्यांच्या पोटातलं काय काय उतरतं, ते नकाशावर कोरंच राहिलं. त्या कोऱ्या जागेत आजार नाही असं नव्हे. तिथे कुणी प्लेट लावली नाही, एवढंच.

पत्ता लिहायला लोक का कचरतात, हेही मला हळूहळू उमगलं. त्या मुलाच्या घराची चौकशी करायला आमचा रक्त घेणारा मुलगा इमारतीत गेला, तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. "आमच्या बिल्डिंगचं नाव कुठे छापू नका हं. भाडेकरू मिळणार नाहीत." ऐकून मला २०१० साल आठवलं. तेव्हा लॅबच्या कॅन्टीनमध्ये एकच वाद होता, एनडीएम-१. या विकरानं कार्बापेनेमसारखी शेवटच्या फळीची औषधं निकामी होतात, आणि त्याच्या नावातच नवी दिल्ली. लॅन्सेटच्या साथरोग नियतकालिकातल्या लेखानंतर देशभर संताप उसळला, संसदेत प्रश्न उठले. आमच्यातलेही काही तावातावानं बोलत. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या नियतकालिकात लिहिलं होतं, की कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या त्यांच्याकडच्या चोवीस जंतूंपैकी बावीसांत हे जनुक सापडलं. नावावर भांडण झालं, बावीसांवर चर्चा कमी झाली. पुढे २०११ मध्ये दिल्लीत नळाच्या पाण्याचे पन्नास नमुने तपासले, त्यांतल्या दोनांत आणि साचलेल्या पाण्याच्या एकशे एकाहत्तरांपैकी एक्कावन्नांत ते मिळालं.

तेव्हा मीही नावावरच चिडले होते. आज सेक्रेटरींच्या जागी देश दिसतो आणि देशाच्या जागी सेक्रेटरी. पत्त्याला कलंक चिकटला की माणसं पत्ता लपवतात. आणि पत्ता लपला की पाणी तपासायला जायचं कुठे? म्हणून मी स्वतः सेक्रेटरींना म्हटलं, "काका, नाव नको. पाणी कुठून येतं तेवढं सांगा." त्यावर मात्र ते अर्धा तास बोलले.

वसईत पाण्यावर कोणीही अर्धा तास बोलतो. माझं माहेर पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीत. तिथे विहिरी होत्या, बावखलं म्हणजे वाडीतली तळी होती. आजी बावखलाचं पाणी केळींना आणि विहिरीचं पोटाला, असा भेद कडक पाळायची. पुढे त्याच विहिरी उपसून टँकर पूर्वेच्या इमारतींकडे जाऊ लागले. हरित वसई संरक्षण समिती आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची चळवळ आम्ही शाळेत असताना घराघरात होती. आता सूर्या धरणाचं पाणी आलं, तरी साऱ्या चाळींपर्यंत ते रोज पोहोचत नाही. कुठे दिवसाआड, कुठे टँकर, कुठे बोअर. नळ बंद असला की पाइप रिकामा होतो आणि शेजारच्या गटारातलं पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढून घेतो. हे सांगायला जनुकं लागत नाहीत. आजीलाही ते कळलं असतं.

म्हणून मी फॉर्म बदलला. ठाण्याचा गठ्ठा संपलाच होता. नव्या फॉर्मवर गल्ली, चाळ, किती वर्षांपासून राहता, पाणी कुठलं, किती दिवसांनी, साठवता कशात, आधी कोणती गोळी घेतली, असे रकाने आहेत. मालक आधी कुरकुरले, "एवढं कोण भरणार?" आमचा रक्त घेणारा मुलगा भरतो. सुई टोचायच्या आधी तो विचारतो. त्यामुळे पोरांचं लक्ष दंडावरून उडतं, असं त्याचं म्हणणं. सगळे रकाने भरले जात नाहीत. कल्चर अजूनही थोडीच येतात. कपाटात मेणाच्या नळ्या मात्र वाढताहेत, प्रत्येकीवर पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, आणि तोच नंबर वहीत.

गेल्या पावसाळ्यात एका घरी रक्त घ्यायला मीच गेले होते, रक्त घेणारा मुलगा सुट्टीवर होता म्हणून. दारात निळं ड्रम, वर फळकुट. लेकरू तापानं फणफणलेलं. मी रकाने विचारू लागले तशी आई म्हणाली, "ताई, पाण्याचं लिहिल्यानं पाणी येणाराय का?"

मी नाही म्हटलं. खोटं कशाला बोलायचं? "मग कशाला लिहिता?"

मला विरजण आठवलं, ग्रंथ आठवला, लतिफाबाद आठवलं. त्यातलं काहीच त्या दारात बोलण्यासारखं नव्हतं. म्हटलं, "याच गल्लीत पुढच्या वेळी कोणाला असा ताप आला, तर दोघांचा एकच आहे का, ते कळावं म्हणून."

तिनं जरा विचार केला. मग पदराला हात पुसून शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. "मग तिचंही लिहून घ्या. तिच्या पोराला गेल्या महिन्यात आला होता. आमचा टँकर एकच."

मी पेन्सिलीला टोक केलं आणि शेजारचं दार वाजवलं.